विश्लेषण : भंडाऱ्याचे पाणी गोडे, मग जमीन खारवण्याची काळजी कशाला?

विदर्भात खाऱ्या पाण्याचा विषय निघाला की बोट जाते ते पश्चिमेकडे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्याकडे, म्हणजे खारपाणपट्ट्याकडे. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वर्षाला सरासरी १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस, बारमाही वैनगंगा आणि गावोगावी मामा तलाव. इथल्या विहिरीचे पाणी खारे लागत नाही, म्हणून जमीन खारवण्याची भीती इथे कुणी बाळगत नाही. हा समज आजवर बव्हंशी खराही ठरला आहे. मात्र महाराष्ट्रात कालव्याखालच्या आणि उपसा सिंचनाखालच्या ज्या जमिनी खारवल्या, त्यांना दिले गेलेले पाणी जिभेला गोडेच होते. नीरेचे पाणी गोडे होते आणि कृष्णेचेही. गोसीखुर्दच्या वितरिका शेतापर्यंत पोहोचत असताना आणि उन्हाळी धानासाठी कूपनलिकांचा उपसा वाढत असताना भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने ही गोष्ट वेळेत समजून घेण्यासारखी आहे.

पाणी गोडे असेल तर मीठ येते कुठून?

पाण्यातूनच येते. पावसाचे पाणी सोडले तर कोणतेही पाणी क्षारमुक्त नसते. खडकातून, मातीतून झिरपताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळवून घेते. पाण्यात एकूण किती क्षार आहेत, हे त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात आणि डेसिसायमन प्रति मीटर या एककात सांगतात. एक डेसिसायमन विद्युतवाहकतेच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. असे पाणी पिताना कुणाला खारे लागत नाही. पाहुण्याला तांब्याभर दिले तर तो तक्रार करणार नाही.

आता हेच पाणी शेताला द्या. उन्हाळी धानाला हंगामभरात १,२०० मिलिमीटर पाणी लागते असे धरू. प्रत्यक्षात ते याहून जास्तच लागते. म्हणजे हेक्टरी १२ हजार घनमीटर पाणी. प्रत्येक घनमीटरमागे ६४० ग्रॅम क्षार धरले तर हेक्टरी साडेसात टनांहून अधिक आणि एकरी तीन टनांहून अधिक क्षार एका हंगामात बांधीत येतात. इतके युरियाचे पोते तर कुणी एका हंगामात एका एकरात टाकत नाही. कालव्याचे पाणी यापेक्षा बरेच हलके असते. त्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार धरले तरी हेक्टरी दोन-अडीच टन होतातच.

पीक पाणी शोषून घेते, पण त्यातले क्षार फारसे उचलत नाही. ऊन पाण्याची वाफ करते, क्षारांची नाही. त्यामुळे आलेले क्षार दोनच ठिकाणी जाऊ शकतात. एक तर पाण्याबरोबर खाली झिरपून मुळांच्या कक्षेबाहेर आणि पुढे नाल्यातून नदीला. नाही तर तिथेच, मुळाशी. यातली पहिली वाट मोकळी असेल तर मध्यम प्रतीच्या पाण्यावरही शेती पिढ्यान्‌पिढ्या चालते. ती तुंबली तर उत्तम पाणीही जमीन बिघडवते. खारवण्याचा प्रश्न पाण्याच्या प्रतीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, निचऱ्याचा असतो तो यामुळे.

मग भंडाऱ्यात आजवर हे का झाले नाही?

पावसाने राखले. अकोल्याकडे साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, भंडाऱ्यात त्याच्या दीडपटीहून जास्त. उन्हाळ्यात वर आलेले क्षार पुढच्या आषाढ-श्रावणात धुऊन जातात. दुसरे कारण जमिनीचे. जिल्ह्याच्या मोठ्या भागाखाली जुने, कठीण, रूपांतरित खडक आहेत आणि त्यांच्यापासून बनलेल्या सिहार, खरडी, बर्डी अशा हलक्या जमिनी पाणी धरून ठेवत नाहीत. मोरंड मध्यम, तर कन्हार भारी आणि काळी. काळजी करायची तर कन्हारीची, कारण तिच्यात पाणी शिरायलाही वेळ लागतो आणि बाहेर पडायलाही.

तिसरे कारण माणसांनी घडवलेले. कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी बांधलेल्या तलावांची रचना एकट्या-दुकट्या तलावाची नव्हती. वरच्या तलावाचे जादा पाणी सलंगेवरून, म्हणजे सांडव्यावरून, खालच्या तलावात जाई. तुडुमातून सोडलेले पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत उतरत अखेर नाल्याला मिळे. पाणी देण्याची जी व्यवस्था, तीच पाणी काढून घेण्याचीही होती. शिवाय धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर लाखोळी, जवस किंवा हरभरा घेतला जाई. म्हणजे जमिनीला वर्षातून काही महिने कोरडे होण्याची उसंत मिळे. या पद्धतीचे कौतुक करताना आपण साठवणुकीबद्दलच बोलतो. निचऱ्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

खारपाणपट्ट्यात नेमके काय आहे?

पूर्णेच्या खोऱ्यातला खारेपणा मुळात निसर्गाचा आहे. तिथे शेकडो फूट जाडीचा गाळाचा थर आहे. त्यात भूगर्भातच क्षार आहेत आणि वरची माती चिकणमातीची, निचरा होऊ न देणारी. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, म्हणजे ‘पोकरा’च्या पहिल्या टप्प्यात पूर्णा खोऱ्यातल्या या पट्ट्यातली ९३२ गावे स्वतंत्रपणे घेतली होती. विहिरीला पाणी आहे, पण ते शेताला देता येत नाही, अशी ही विचित्र कोंडी. पाण्याअभावी पीक वाळते आणि पाणी दिले तर जमीन जाते. म्हणून तिथला शेतकरी खरिपानंतर ओलीवर हरभरा घेतो आणि शेततळ्यातल्या पावसाच्या पाण्याची एखादी पाळी मिळाली तर समाधान मानतो.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या मातीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. मातीच्या कणांना चिकटलेल्या एकूण धनभारित क्षारांमध्ये सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण मानतात. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या काळ्या मातीत मात्र हा वाटा पाच-सहा टक्क्यांवर पोहोचला तरी पाणी झिरपण्याचा वेग घसरू लागतो. म्हणजे पुस्तकातली मर्यादा ओलांडण्याच्या कितीतरी आधीच माती बंद होत असते. भंडाऱ्यातल्या भारी जमिनीच्या अहवालाकडे पाहतानाही हे ध्यानात ठेवायला हवे.

भंडारा म्हणजे पूर्णेचे खोरे नव्हे आणि तसा तो होणारही नाही. इथे भूगर्भात क्षारांचा तसा साठा नाही. भंडाऱ्याने ज्यांच्याकडे पाहायला हवे ती उदाहरणे पश्चिम महाराष्ट्रातली आहेत.

नीरेकाठी आणि कृष्णेकाठी काय घडले?

नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. बारामतीकडचा कोरडा, दुष्काळी मुलूख हिरवा झाला, ऊस उभा राहिला. पंचवीस वर्षे झाली नाहीत तोच कालव्याखालच्या सखल जमिनींवर पांढरे पापुद्रे दिसू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबई सरकारच्या कृषी खात्यातर्फे पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्यातून पाझरलेले आणि शेतात गरजेपेक्षा जास्त दिलेले पाणी सखल भागात साचून भूजल वर आले होते आणि त्याबरोबर मातीच्या पोटातले क्षार पृष्ठभागावर आले होते. सिंचनाची पद्धत शेतीच्या गरजेनुसार कशी बदलावी, हे पाहण्यासाठी १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने एक खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. पुढे दख्खनच्या कालव्यांवर खोल चर खणण्याची कामे झाली. हे सगळे शंभर वर्षांपूर्वीचे आहे. त्यामुळे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राच्या पाटबंधारे व्यवस्थेला केव्हाच उरलेली नाही.

कृष्णाकाठी हेच पुन्हा घडले. सांगली-कोल्हापूरकडे मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांत नदीवरून उपसा योजना झाल्या. खोल काळ्या जमिनीत उसाला पाटाने पाणी भरत राहिले, रासायनिक खतांच्या मात्रा वाढत गेल्या आणि काही दशकांत हजारो एकर जमीन आधी पाणथळ, मग क्षारपड झाली. क्षारांना लवकर बळी पडणाऱ्या पिकांत ऊस मोडतो. त्यामुळे उत्पन्न आधी घसरले, पांढरा थर नंतर दिसला. ज्या शिवारात एकरी टनेज सांगताना शेतकऱ्याची मान ताठ असायची, तिथे बाभळी आणि पाणकणीस उगवले.

गोसीखुर्दमुळे भंडाऱ्यात काय बदलते?

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. तो पुढे १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट असलेला हा प्रकल्प २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला. त्याचा इतिहास विलंबाचा, पुनर्वसनाच्या भांडणांचा आणि कालव्यांच्या निकृष्ट अस्तरीकरणावरून झालेल्या चौकशांचा आहे. तो सारा इथे उगाळण्याचे कारण नाही. मात्र अस्तरीकरणाचा मुद्दा आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. फुटलेल्या, भेगा पडलेल्या कालव्यातून जे पाणी पाझरते ते हिशेबात ‘वहनव्यय’ म्हणून लिहिले जाते. प्रत्यक्षात ते कुठे नाहीसे होत नाही, कालव्याच्या खालच्या अंगाच्या शेतांत भूजल म्हणून वर येते.

प्रकल्पामुळे तीन बदल एकाच वेळी होतात. पहिला जलाशयाच्या काठावर. धरणात पाण्याची पातळी वाढली की काठच्या जमिनीतली भूजल पातळीही वर चढते. संपादनाची रेषा नकाशावर आखता येते, ओल ती रेषा पाळत नाही. बुडीत क्षेत्राबाहेर राहिलेल्या पण कायम ओल्या असलेल्या शेतांचा मालक दोन्हीकडून अडकतो. मोबदला मिळत नाही आणि पीकही घेता येत नाही.

दुसरा बदल लाभक्षेत्रात. पवनी-लाखांदूरकडचा चौरास भाग भारी, सुपीक जमिनीचा आणि चांगल्या भूजलाचा म्हणून ओळखला जातो. इथे उन्हाळी धान, भाजीपाला, मिरची विहिरी-कूपनलिकांवर होतच होती. त्यात कालव्याची भर पडली की खरीप धान, लगेच उन्हाळी धान, पुन्हा खरीप धान असे चक्र सुरू होते आणि जमिनीला उसंत देणारी लाखोळी-हरभऱ्याची पायरी गळते. बांधीत चिखलणी केल्याने वरच्या वीतभर मातीखाली एक घट्ट थर तयार होतो. धानाला तो हवाच असतो, पण वर्षातून दोनदा चिखलणी होत राहिली की क्षार खाली नेणारी वाटही त्याच थराने अडते. आतापर्यंत कूपनलिकांचा उपसा भूजल खाली खेचत होता, हेही विसरता येणार नाही. कालव्याचे पाणी स्वस्तात मिळू लागल्यावर उपसा थांबला तर भूजल दोन्ही बाजूंनी वर येईल. विहीर आणि कालवा दोन्ही आलटूनपालटून वापरणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. विजेचे बिल वाचवण्याच्या हिशेबात हे बसत नाही, ही अडचण आहेच.

तिसरा बदल पाण्याच्या प्रतीचा. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या अंगाने हा विषय अनेक वर्षे गाजतो आहे. शेतीच्या अंगाने त्याकडे कमी पाहिले जाते. घरगुती सांडपाण्यात मीठ, साबण आणि धुण्याच्या पावडरीतून आलेले सोडियम व क्लोराइड असते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात दुर्गंधी जाते, सेंद्रिय घाण जाते, रोगजंतू कमी होतात. विरघळलेले क्षार मात्र नेहमीच्या प्रक्रियेत निघत नाहीत. पावसाळ्यात वैनगंगेच्या प्रचंड पाण्यात हे सारे विरळ होते. उन्हाळ्यात, जेव्हा उन्हाळी धानाला पाणी लागते नेमके तेव्हा, नदीत पाणी कमी असते. जलाशयाचे पाणी आज शेतीला अयोग्य आहे असा याचा अर्थ नाही. ते पावसाळ्यात आणि मे महिन्यात वेगवेगळे मोजले पाहिजे आणि ते आकडे शेतकऱ्याला कळले पाहिजेत, इतकाच अर्थ आहे.

पाणथळ, खारवट, चोपण : फरक काय?

बोलताना हे तिन्ही शब्द एकत्र येतात, पण उपाय वेगवेगळे असल्याने फरक कळणे गरजेचे आहे. भूजल जमिनीपासून दोन मीटरच्या आत आले की ती जमीन पाणथळ. केंद्राच्या जलसंपदा मंत्रालयाच्या १९९१ च्या कार्यगटाने हीच मर्यादा धरली आणि दोन ते तीन मीटरच्या पट्ट्याला संभाव्य पाणथळ म्हटले. दोन मीटर का, तर तेवढ्या खोलीवरून मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी दिव्याच्या वातीसारखे वर चढते, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. पाणथळपणा ही खारवटीची आधीची पायरी आहे. इथेच थांबवले तर खर्च थोडक्यात भागतो.

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता चारच्या वर, सामू साडेआठच्या आत. उन्हाळ्यात सकाळी पांढुरका थर दिसतो, पण मातीची रचना मोकळी असते. भरपूर गोडे पाणी दिले आणि ते निघून जाण्याची सोय केली तर ती धुतली जाते.

चोपण जमीन वेगळी. तिच्यात सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. सामू साडेआठच्या वर जातो. ओली असताना लोण्यासारखी चिकट, वाळली की दगडासारखी. पाऊस पडल्यावर बांधीत गढूळ पाणी दिवसेंदिवस तसेच राहते आणि आटल्यावर काळसर, तेलकट चट्टे दिसतात. इथे नुसते पाणी सोडून उपयोग होत नाही. आधी जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवावा लागतो आणि मग सुटा झालेला सोडियम पाण्याने खाली काढावा लागतो.

जिप्समबद्दल इथेच सांगितले पाहिजे. दुकानात ‘क्षार मारणारे’ म्हणून ते सर्रास दिले जाते. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे क्षारात क्षार वाढवणे. चोपण जमिनीतही निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जागेवरच राहतो आणि पैसा मातीत जातो. माती तपासल्याशिवाय जिप्समचे पोते उचलू नये.

धानाला किती क्षार सोसतात?

धान पाण्यात उभे असते म्हणून ते काटक असेल, असे वाटते. चोपणपणाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरेही आहे. उत्तर भारतात चोपण जमिनी सुधारताना पहिले पीक धानाचेच घेतात. विरघळणाऱ्या क्षारांपुढे मात्र धान नाजूक आहे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता तीनपर्यंत असेल तोवर उत्पादनावर परिणाम होत नाही, त्यापुढे प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के घट येते, असे जगभर वापरले जाणारे कोष्टक सांगते. गव्हाची हीच मर्यादा सहा, तर कापसाची साडेसातच्या पुढे आहे. म्हणजे अकोल्याच्या कापसाला जे सोसते, ते भंडाऱ्याच्या धानाला सोसणार नाही.

पऱ्हे आणि फुलोरा या दोन अवस्थांत धान सर्वांत हळवे असते. रोवणीनंतर रोप धरत नाही, पानांची टोके वाळतात, बांधीत जागोजागी टकले पडतात. ही लक्षणे करपा किंवा जस्ताच्या कमतरतेशी मिळतीजुळती असल्याने शेतकरी आधी फवारणी करतो. घोटाळा वाढवणारी गोष्ट अशी की सामू वाढलेल्या जमिनीत जस्त पिकाला मिळेनासे होतेच. त्यामुळे झिंक सल्फेटने थोडा फरक पडतो आणि मूळ दुखणे आणखी दोन हंगाम झाकले जाते. एकाच सखल कोपऱ्यात दरवर्षी असे होत असेल तर औषध बदलण्याआधी माती तपासावी.

खाऱ्या जमिनीत येणारे वाण लावले तर? कोकणातल्या खार जमिनींसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने, आणि उत्तरेतल्या क्षारपड जमिनींसाठी कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने भाताचे असे वाण दिले आहेत. खाडीच्या भरतीचे पाणी शिरणाऱ्या शेताची गोष्ट वेगळी. भंडाऱ्यात, जिथे जमीन अजून चांगली आहे, तिथे वाण बदलून बिघडत्या जमिनीशी जुळवून घेणे हा उलटा क्रम होईल.

अहवालात काय पाहायचे?

मातीच्या आरोग्य पत्रिकेवर सामू आणि विद्युतवाहकता हे दोन आकडे असतातच. बहुतेक जण नत्र-स्फुरद-पालाश पाहून पत्रिका ठेवून देतात. २०१५ पासून ही योजना सुरू आहे, त्यामुळे अनेकांकडे दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या पत्रिका असतील. त्या शेजारी ठेवून हे दोन आकडे चढत आहेत का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. पत्रिकेतली विद्युतवाहकता मात्र साधारणपणे मातीत जास्त पाणी कालवून मोजलेली असते. ती वर दिलेल्या चारच्या मर्यादेशी थेट ताडून पाहू नये. पत्रिकेवर आकडा एकच्या वर असेल तर सविस्तर तपासणी करून घ्यावी.

पाण्याची तपासणी वेगळी करावी लागते आणि तीच बहुधा राहून जाते. नवी कूपनलिका मारल्यावर किती इंच पाणी लागले हे गावभर होते. त्या पाण्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. पंप काही वेळ चालू ठेवून, त्याच पाण्याने बाटली विसळून नमुना घ्यावा आणि सिंचनासाठीची तपासणी मागावी. पिण्याच्या पाण्याचा अहवाल पुरत नाही. विद्युतवाहकता पाऊण डेसिसायमनच्या आत असेल तर चिंता नाही, सव्वादोनच्या वर असेल तर धानाचा विचार सोडावा. दोन्हींच्या मध्ये असेल तर निचऱ्यावर सारे अवलंबून. दुसरा आकडा अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचा. तो लिटरमागे सव्वा मिलिइक्विव्हॅलंटच्या आत हवा. अडीचच्या वर गेला तर ते पाणी सावकाश जमीन चोपण करते. कठीण खडकातल्या खोल कूपनलिकांत बायकार्बोनेटयुक्त पाणी लागू शकते. अशा पाण्यात विद्युतवाहकता कमी दिसते आणि शेतकरी निश्चिंत राहतो, म्हणून हा दुसरा आकडा मागून घ्यायचा.

निचरा करायचा कोणी?

खरी गाठ इथे आहे. विहीर एकट्याची असू शकते, चर एकट्याचा असू शकत नाही. माझ्या बांधीतले पाणी काढायचे तर ते शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, त्याच्या खालच्याच्या शेतातून नाल्यापर्यंत गेले पाहिजे. मधल्या एकाने नाही म्हटले की काम थांबते. त्यात नाल्याचे पात्र दरवर्षी हातभर आत ढकलून बांधी वाढवण्याची सवय आपल्याकडे आहे, हे भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

शिरोळ तालुक्यात या गाठीवर एक तोडगा निघाला. तिथल्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने क्षारपड जमिनींची सामूहिक सुधारणा हाती घेतली. शेतकऱ्यांनी गावनिहाय एकत्र यायचे, सगळ्या शिवाराचा उतार मोजायचा, जमिनीखाली ठरावीक खोलीवर सच्छिद्र पाइप टाकायचे आणि त्यांचे पाणी मुख्य वाहिनीने ओढ्याला सोडायचे. खर्चासाठी कर्जाची व्यवस्था झाली. हजारो एकरांवर हे काम झाले आणि वर्षानुवर्षे पडीक असलेल्या जमिनीत पुन्हा ऊस उभा राहिला. तिथे मागे कारखाना होता, उसाच्या बिलातून हप्ता कापून घेण्याची सोय होती. धानाच्या मुलखात असा आधार नाही. मात्र भंडाऱ्यातल्या जमिनी त्या थराला गेलेल्याही नाहीत, त्यामुळे इथे पाइपांआधी उघडे चर आणि मोकळे नाले पुष्कळ काम करू शकतात.

कायद्याने संस्था आहेत. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखालच्या पाणीवापर संस्थांकडे पाण्याचे वाटप असते. चराची देखभालही त्यांच्याच यादीत बसवता येते. ‘पोकरा’च्या दुसऱ्या टप्प्यात भंडारा जिल्ह्याचाही समावेश झाला आहे. गावाचा आराखडा करताना शेततळे, विहीर, पंप यांच्या मागण्या आपोआप येतात. नाला मोकळा करण्याची मागणी कुणी तरी मुद्दाम घालावी लागते. पाटबंधारे खात्याच्या बाजूने पाहिले तर वितरिका पूर्ण झाली की ‘सिंचन क्षमता निर्माण’ अशी नोंद होते आणि मंत्र्यांना आकडा सांगता येतो. चर खणला तर कोणतीही क्षमता निर्माण होत नाही, आहे ती टिकते. टिकण्याचा रकाना अहवालात नाही. नीरेवर चर कालव्याच्या मागून काही दशकांनी आले, कृष्णेवरही तेच झाले. गोसीखुर्दच्या वितरिकांची कामे अजून बाकी आहेत, म्हणजे वितरिका आणि चर बरोबर करण्याची संधीही अजून बाकी आहे.

तोवर शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने करता येण्यासारखी एक नोंद आहे आणि तिला खर्च नाही. आपल्या किंवा शेजारच्या उघड्या विहिरीत, पंप बंद असताना, दगड बांधलेली दोरी सोडून जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मोजायचे. एकदा दिवाळीच्या सुमारास आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस. तारीख आणि फूट घराच्या भिंतीवर लिहून ठेवायचे. दिवाळीला पाणी वर असणे साहजिक आहे. मे अखेरचा आकडा दरवर्षी थोडा थोडा वर सरकत दहा फुटांच्या आत आला, तर उन्हाळी धानाचे क्षेत्र कमी करून ती बांधी एक हंगाम हरभऱ्याला सोडायची आणि ग्रामसभेत नाल्याचा विषय काढायचा. सहा-सात फुटांवर आला तर थांबायला वेळ नाही.